विळ्यानं उघडलेलं पान

फरवर्दी महिना लागला. कचेरीच्या कागदावर फरवर्दी, घरात माघ, आणि रानात नुसती सुगी. एकाच हवेला आमच्याकडं तीन नावं आहेत आणि तिन्ही बिनतक्रार नांदतात. शाळू वाळला की चकलांब्याच्या शिवाराला एक आवाज येतो. वाऱ्याचा म्हणावा, तर वारा पडला तरी तो थांबत नाही. पान पानाला घासतं, नव्या मांजरपाटाच्या घोळासारखं. सकाळी त्या आवाजात दवाचा थोडा ओलावा असतो. उन्हं वर आली की तो कोरडा होत जातो, आणि दुपारी खळ्यावर बसलं की वाटतं, सगळं रान कुणीतरी सावकाश फाडत बसलं आहे.

परवा अशाच दुपारी पुतणीनं मला एका शब्दाचा अर्थ विचारला. कुसुम, थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, धाकटी मुलगी, बीडला मामाकडं राहून शाळेत जाते. सुगीला म्हणून घरी आलेली. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "काका, हर्ट म्हणजे काय?"

आमच्या घरात मला इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे ज्याची बैलं दोनदा विहिरीत पडली त्याला विहिरीची खोली विचारण्यासारखं आहे. दादांनी पागोटं उचललं आणि ते गोठ्याकडं निघून गेले. मी आता गोष्ट सांगणार, हे त्यांनी ओळखलं होतं. माझी ख्यातीच तशी. लग्नाच्या पंगतीत माणसं माझ्यापासून हातभर लांब बसतात, म्हणजे उठून जायला अवघड पडत नाही. पण या वेळी मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठानं भरलेला उजवा हात मुलीपुढं धरला आणि वाकडा अंगठा हलवून दाखवला.

"ह्येला म्हंत्यात," त्या म्हणाल्या. "इचार तुज्या काकाला."

तो अंगठा पुरता मिटत नाही. पंचवीस वर्षं होत आली. त्यामुळं वहिनींच्या भाकरीला एका बाजूची कड जाड येते. पाहुणे ती कड हळूच ताटाच्या बाजूला सारतात. आम्हाला मात्र तशी कड नसलेली भाकरी परक्याच्या घरची वाटते. माझं लग्न होऊन बायको या घरात आली तेव्हा तिला वाटलं, इकडची रीतच असावी. बिचारीनं आठ-पंधरा दिवस मुद्दाम तशी भाकरी थापायचा सराव केला. तिला खरं कारण कळलं तेव्हा ती माझ्याकडं बघून काही बोलली नाही, पण सराव त्या दिवसापासून बंद झाला.

कारण मी होतो. म्हणजे मी आणि तो शब्द.

तेव्हा माझं वय बावीस. मिशी आलेली, लग्न ठरलेलं आणि मिडल अडलेलं. दोनदा परीक्षेला बसलो, दोनदा इंग्रजीत आपटलो. सोयरे माणूस चांगले. पोरगा पास होऊ द्या, मग तारीख धरू, एवढंच त्यांचं म्हणणं. पण दर सणाला त्यांचा गडी निरोप घेऊन यायचा, यंदा कसं काय म्हणून, आणि वहिनी तो निरोप परसातून ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगायच्या. गावात पोरीबाळी मला बघून तोंडाला पदर लावत. म्हातारे विचारत, कितव्यांदा हाय? जणू मी काशीला निघालो होतो आणि दर वेळी नगरहूनच माघारी येत होतो.

सरकारी भाषा उर्दू, म्हणून तालुक्याच्या शाळेत सगळी विद्या उर्दूतून मिळायची, इंग्रजीसुद्धा. शब्द विलायतेतून निघायचा, मौलवीसाहेबांच्या तोंडून उर्दू होऊन बाहेर पडायचा आणि माझ्या डोक्यात शिरेस्तोवर त्याचं मराठी व्हायचं. एवढ्या प्रवासात काही शब्द वाटेतच बसून राहत. मौलवीसाहेब सज्जन, थकलेले गृहस्थ होते. त्यांच्या गुडघ्यात वात होता, म्हणून दुखण्याचा शब्द ते फार जीव लावून शिकवीत. जूता पाँव कू हर्ट करता, असं म्हणून ते स्वतःच्या पायाकडं बोट दाखवत. सगळ्या वर्गात जोडे घातलेले पाय तेवढे दोनच होते, त्यामुळं आमचा विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

मला मात्र त्या शब्दाचा संशय यायचा. अंगाला लागलं तरी हर्ट. मन दुखावलं तरी हर्ट. धंद्याला धक्का बसला तरी तोच, आणि 'एवढ्यानं काही बिघडत नाही' असं म्हणायचं असलं तरी तोच, फक्त पुढं नकार लावून. काल दुखवलं, आज दुखवतो, यातही त्याचं रूप बदलत नाही असं कळलं, तेव्हा तर मला तो शब्द नव्हे, कोडगा माणूस वाटायला लागला. आपल्याकडं बघा. काटा सलतो. मिरची झोंबते. गळू ठणकतं, खरचटलेलं चरचरतं, डोळ्यात कुसळ खुपतं, आणि माणसाचं बोलणं लागतं. एकाचं काम दुसऱ्याला सांगता येत नाही. मिरची ठणकली असं कुणी म्हणालं तर आमच्या गावचे लोक त्याला सरळ अंगारा लावायला नेतील. इंग्रजानं मात्र सगळ्या दुखण्यांना मिळून एकच सालगडी ठेवलेला. एवढं मोठं राज्य आणि अशी काटकसर.

मौलवीसाहेबांनी शेवटच्या दिवशी फळ्यावर त्या शब्दाखाली रेघ ओढली. "ये लफ्ज इम्तेहान में आताच," म्हणाले, "लिख लेव." त्याचे सगळे अर्थ आणि सगळे उपयोग पाठ करून यायचे, असं ठरलं. मी शाळेतून गावी आलो तेव्हा सुगी भरात आली होती.

अर्थ बघायला माझ्याकडं एक कोश होता. कापडाच्या एका व्यापाऱ्यानं नगरहून आणून दिलेला, नवाकोरा. नवी पुस्तकं तेव्हा कधीकधी कडा न कापता यायची. दोन-दोन, चार-चार पानं वरच्या अंगाला जोडलेली, धान्याच्या तोंड शिवलेल्या गोणीसारखी. शहरातले लोक म्हणे त्यासाठी हस्तिदंताची सुरी ठेवतात. मी बोट वापरायचो. बोटानं मी डी या अक्षराची अशी दशा केली होती की त्या अक्षराचे निम्मे शब्द मला आजही येत नाहीत. एच मी अजून उघडलेलं नव्हतं.

आता खळं सांगतो. शाळू उपटून, पेंढ्या बांधून खळ्याशेजारी रचलेल्या असतात. बाया रांगेनं बसून पेंढ्या पुढ्यात ओढतात, विळ्यानं कणसं मोडतात, कणसं एकीकडं आणि कडबा एकीकडं. याला मोडणी म्हणतात. मोडणीचा आवाज लयीत चालतो, आणि वाळलेल्या ताटाचा गोडसर वास नाकात बसतो. घरची माणूस म्हणून वहिनीही रांगेत बसायच्या. मला आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बाभळीखाली बसवलं होतं, कणसांवर शेळ्या येतील त्या हाकायला. दोनदा नापास झालेल्या माणसाला घरात जे काम उरतं ते हे.

मोडणीला शिरूर कासारकडची दहा-बारा माणसं दर साली यायची. तिकडचं रान माळाचं, पाऊस धरून ठेवत नाही. इकडं काळी जमीन. महिनाभर ती आमच्या रानात खोपी घालून राहायची, रोजाला पाटीभर कणसं घ्यायची, आणि त्या कणसांवर तिकडच्या चुली पुढच्या पावसापर्यंत चालायच्या. चंद्रभागा त्यातली. तिशीतली बाई, काटक, बोलणं कमी. नवऱ्याला दमा, तो घरी. दोन पोरं घरी, सासूपाशी. म्हणजे पाटी एकटीची आणि तोंडं पाच.

त्या दुपारी बाया पाणी प्यायला आणि भाकरी खायला ओढ्याकडं गेल्या. खळ्यावर मी, शेळ्या आणि इंग्रजी. मी एच काढलं. पान जोडलेलं. बोट घालणार तेवढ्यात डी आठवला. समोरच चंद्रभागेचा विळा होता, तिनं उठताना आपल्या पेंढीत खोचून ठेवलेला. पाजळलेला, चकचकीत. मी तो उपसला आणि पानांच्या घडीतून फिरवला. काय सुरेख पान उघडलं, सांगतो. एकही तूस निघालं नाही. असं वाटलं, की आत्तापर्यंत आपलं इंग्रजी अडलं ते अवजाराअभावी. त्या भरात मी पुढचीही दहा-वीस पानं कापली, आणि मग तो शब्द सापडला. पाऊण रकानाभर अर्थ. मी वाचत सुटलो.

तेवढ्यात धुऱ्यावर आबा खाकरले. त्यांना माझ्या हातात पुस्तक चालायचं, पण शेळ्या कणसांत शिरलेल्या चालायच्या नाहीत, आणि त्या शिरल्या होत्या. मी घाईनं विळा हाताशी असलेल्या पेंढीखाली सारला, पुस्तक सदऱ्याखाली, आणि शेळ्यांकडं धावलो. परत आलो तो पुस्तकाचं ध्यान राहिलं, विळ्याचं राहिलं नाही. ती पेंढी चंद्रभागेची नव्हती, वहिनींच्या ढिगातली होती.

बाया परत आल्या. चंद्रभागा आपल्या पेंढीत विळा चाचपायला लागली, आणि तिनं तोंड उघडायच्या आत वहिनींनी पेंढी पुढ्यात ओढली. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं "आगं बया" म्हणाल्या, जसं दूध उतू गेल्यावर म्हणतात. अंगठा आणि बोट यांच्यामधली जागा उघडली होती, अगदी पानासारखी. एकही तूस नाही.

हळद दाबली, दादांनी पागोट्याची पट्टी फाडून बांधली. घरात मी ही गोष्ट सांगतो ती इथं संपते. भाऊजींनी विळ्यानं बुक कापलं आणि माजा हात मोडला, असं वहिनी शेवटी म्हणतात, अंगठा दाखवतात, आणि सगळे हसतात. पंचवीस वर्षांत ती चांगली घोटली गेली आहे. कुठं थांबायचं, शेळ्यांना किती वेळ द्यायचा, सगळं मला पाठ आहे. पण गोष्ट तिथं संपली नव्हती. उरलेली मी पंगतीत कधी सांगितली नाही.

त्या काळी खळ्यावर एक रीत होती. आता ती पातळ होत चालली आहे. माणसाचं रक्त लागलेला विळा त्या सुगीत पुन्हा धान्याला लावायचा नाही. तो बाभळीला टांगायचा, आणि ज्याचा विळा त्यानं त्या खळ्यावरून उठायचं. शिक्षा म्हणून नव्हे. कुणी रागावत नाही, कुणी घालूनपाडून बोलत नाही. सुतक आल्यासारखं ते असतं; आलं की पाळायचं. दादांनी विळा उचलून बाभळीला टांगला. तो चंद्रभागेचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिच्या विळ्याच्या मुठीला निळी चिंधी असायची.

कुणीतरी म्हणालं, पाण्याला जायच्या गडबडीत ठेवला असशील बाई इकडं. दुसरी म्हणाली, होतं असं. चंद्रभागेनं आपल्या पेंढीकडं बघितलं, वहिनींच्या ढिगाकडं बघितलं. म्या हितंच खोचलाता, असं ती एकदा म्हणाली, आणि ते तिनं आम्हाला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं वाटलं. मग ती उठली आणि खोपीकडं गेली. मोडणीचे सहा दिवस उरले होते. सहा पाट्या गेल्या. शिवाय दुसऱ्या गावी खळी भरलेली. अशा बाईला त्या सुगीत कुणी बसवून घेत नाही. सकाळी ती शिरूरच्या वाटेला लागणार होती.

मी बाभळीखाली होतो. पुस्तक मांडीवर होतं. आणि मी गप्प होतो.

मराठीत गप्प बसायला फार सोय आहे, हे मला त्या दिवशी कळलं. विळा लागला. कुणाला लागला, वहिनींना. कुणी लावला, हे सांगायला वाक्यात जागाच नाही. आपल्याकडं ठेच लागते, ऊन लागतं, नजर लागते. सगळं येऊन आपापलं लागतं, करणारा कुठं दिसत नाही. कोशातल्या त्या पाऊण रकान्यात मात्र जी वाक्यं होती त्यांच्या तोंडालाच माणूस उभा. याला त्यानं दुखवलं. तिला मी दुखवलं. मी ती वाक्यं दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

दिवेलागणीला वहिनींनी मला पाणी शेंदायला म्हणून आडावर बोलावलं. पट्टी लाल झाली होती. इकडंतिकडं बघून हळू म्हणाल्या, "भाऊजी, इळ्याच्या पात्याला कागदाचा काप चिकटलाता. म्या पुसला."

मी पोहरा आडात सोडला.

"गप बसा आता," त्या म्हणाल्या. "धा दिवसांवर परीक्षा हाय. आबा बुक चुलीत घालतील, मंग तिसऱ्यांदाबी ऱ्हाईल. हात माजा हाय. मला काय न्हाई त्येचं."

एवढं बोलून त्या घरात गेल्या. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. जिचा हात कापला तिनंच माफ केलं. आता कुणाचं काय उरलं? घागर घेऊन मी अर्ध्या अंगणात आलो आणि मग ध्यानात आलं, की वहिनींना माफ करता आलं ते त्यांच्या अंगठ्यापुरतं. सहा पाट्या त्यांच्या नव्हत्या. तरी मी त्या सांजेला बोललो नाही. जेवलो. जाड कडेची नसलेली, आईच्या हातची भाकरी होती. चांगली लागली.

सकाळी आबा ओट्यावर लिंबाच्या काडीनं दात घासत होते. मी पुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, आबा, काल तो विळा तिथं राहिला. कुणाचा, त्यांनी विचारलं. म्हणालो, चंद्रभागेचाच, पण तो पेंढीखाली गेला. इळ्याला काय पाय फुटलेते का, आबा म्हणाले. मी म्हणालो, माझ्याकडून झालं असेल. विळा एवढासा, पण त्याच्याभोवती मी बैलासारखा फिरत होतो.

"नीट बोल की बे," आबा म्हणाले.

"म्या ठिवला," मी म्हणालो. "बुकाची पानं कापायला घेतलाता."

आबांनी काडी थुंकली. इळ्यानं? त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिथं नुसतं नवल होतं, म्हशीनं अंडं घातल्यावर वाटावं तसलं. त्यांनी तोंड धुतलं, पागोटं बांधलं आणि खळ्याकडं चालू लागले. मी मागं.

चंद्रभागा गाठोडं बांधून वाटेवर उभी होती. शिरूरची माणसं मोडणीला बसण्याच्या बेतात होती. आबा लांबूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"इळा हिचा, हात ह्येचा. इळा टांगलाय. बाई बसंल."

रीत मोडली की वाकवली, हे ज्याचं त्याला ठरवायचं होतं. त्या टोळीत एक म्हातारा होता, सगळ्यांचा कारभारी. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "मंग हात कुटं टांगायचा, मालक?"

"सुनंच्या जागी बसवा," आबा म्हणाले. "मोडणी हुस्तोर."

त्यावर बाया हसल्या, आणि हसल्या म्हणजे मान्य झालं. वहिनींचा विळा चंद्रभागेला मिळाला. मला एक जुना, बोथट विळा मिळाला, कारण पाजळलेला माझ्या हाती द्यायला कुणी राजी नव्हतं. पुस्तक घरी ठेवून मी रांगेत बसलो, तिच्या शेजारी.

सहा दिवस मी मोडणी केली. बावीस वर्षं शाळू खाल्ला होता, तो काय असतो ते त्या सहा दिवसांत समजलं. पाती हाताला कापतात, कुसं मानेत जातात, घामानं ती जागा आधी चरचरते, मग झोंबते, आणि संध्याकाळी नुसती ठणकते. माझ्याजवळ तिन्ही शब्द तयार होते. बाया म्हणायच्या, धाकले मालक, जरा विंग्रजीत मोडा, लवकर हुईल. माझी अर्धी पाटी होईस्तोवर चंद्रभागेच्या तीन व्हायच्या. ती माझ्याकडं बघायची नाही. रागानं नव्हे, कामात तिचं लक्ष असायचं. मला मात्र आपण मोठं काहीतरी केलं, असं वाटत होतं. खरं बोललो, तेही वडिलांपुढं, परीक्षा तोंडावर असताना. तिनं एकदा तरी मान वर करून बघावं, अशी माझी अपेक्षा होती. आता लिहिताना लाज वाटते, पण होती.

पाचव्या दिवशी तिनं आपण होऊन विचारलं, त्या बुकात असं काय होतं म्हणून. मी खुललो. तो शब्द सांगितला. त्याचे अर्थ सांगितले, एकेक, मौलवीसाहेबांच्या थाटात. अंगाला लागणं, मनाला लागणं, मालाची खराबी होणं, काही न बिघडणं. ती ऐकत होती, कणसं मोडत होती. हाताची लय एकदाही चुकली नाही.

"तुमी सकाळी बोललाव, ते बरं केलं," ती म्हणाली. "पर सांजंला कावून न्हाई बोललाव?"

माझ्याजवळ उत्तरं होती. वहिनींनी गप्प बसायला सांगितलं, परीक्षा होती, लग्न होतं. त्यातलं एकही त्या खळ्यावर काढण्याजोगं नव्हतं.

"वीस वर्सं झाली इळा धरून," ती म्हणाली. "कवा इसरले न्हाई. पर तुमी समद्यांनी म्हनलाव, तूच ठिवला आसशील. मंग रातभर म्या त्यो इळा ठिवीतच व्हते. हिकडं ठिवला का तिकडं. फाटंफाटं मला बी दिसाया लागलं, म्याच ठिवलाय. सोताच्या हाताचा भरवसा गेला म्हंजी त्येला काय म्हनत्यात तुमच्या बुकात?"

मी म्हणालो, बघून सांगतो. शिकलेल्या माणसाचं हे ठरलेलं उत्तर आहे. तोवर मी तेवढं शिकलो होतो. तिनं मान हलवली आणि पुढची पेंढी ओढली. ओढण्याआधी तिनं ती काडीनं उचलून खाली बघितलं. मग तिच्या पलीकडच्या बाईनंही तसंच केलं. तसं बघायची कुणाला सवय नव्हती, ती त्या आठवड्यात लागली.

संध्याकाळी घरी येऊन मी खरोखर बघितलं. तो पाऊण रकाना पुन्हा वाचला, पुढची पानंही वाचली. माणसाचं नुकसान करण्याचे त्यात नाना प्रकार होते. एक सांज गप्प बसण्याचा नव्हता. कोश करणाऱ्याची चूक नाही. त्याच्याकडं अशी बाई आली नसेल.

बीडला परीक्षा झाली. माझ्या बोटांना इतके काप होते, की टाक धरताना शाईपेक्षा रक्तच आधी कागदावर येईल अशी धास्ती. मौलवीसाहेबांचा तो शब्द आलाच नाही. शेतीच्या हंगामावर निबंध लिहा म्हणून आलं. मी काय लिहिलं ते आठवत नाही, पण काठावर का होईना, पास झालो. सोयऱ्यांचा गडी त्या साली निरोपाऐवजी तारीख घेऊन आला. पुढं कचेरीत कारकून म्हणून चिकटलो, आणि दुखापतीचे कागद माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेले. कुणी कुणाला काठी मारली, कुठं लागलं, जखम किती खोल, सगळं बोटांच्या मापानं लिहिलेलं. मी तो मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवतो. आदल्या सांजेला कोण गप्प बसलं होतं, असा रकाना त्या कागदात नसतो. नसतो ते बरंच आहे. पहिलं माझंच नाव भरताना माझ्याच्यानं अक्षर नीट काढवलं नसतं.

कुसुमला परवा मी तीन अर्थ सांगितले. लागणं, दुखावणं, इजा करणं. तिनं वहीत लिहून घेतले आणि तेवढ्यावर तिचं समाधान झालं. वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली. दादा गोठ्यातून परत आले, गोष्ट संपली का असं बघत, आणि यंदा मी सांगितलीच नाही हे कळल्यावर त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

चंद्रभागेनं तेव्हा सहाही पाट्या नेल्या. निघताना आबांच्या पाया पडली, वहिनींच्या पट्टीवरून हात फिरवला, मला रामराम केला. पुढच्या सुगीला शिरूरची टोळी आली. मी तेव्हा रजा काढून मुद्दाम खळ्यावर गेलो होतो. तीच माणसं, तोच म्हातारा कारभारी, त्यांच्यात ती नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हातारा म्हणाला, बरी हाय की, यंदा उमापूरच्या एका खळ्यावर गेली. तिथं रोजाला पाटी मोठी मिळते का, मी विचारलं.

"पाटी ल्हानच हाय," म्हातारा म्हणाला. "पर मालकाच्या घरात कुनी शिकत न्हाई म्हनं."